रिकामा रकाना

कुकरच्या कारखान्यात सुमेधा खोत सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून एक्सेलमध्ये नोंदी करायची. तिचा फॉर्म्युला साधा होता. व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडला तर ‘पाठवा’, नाहीतर ‘अडवा’. त्या दुपारी चारशे व्हॉल्व्हपुढे ‘अडवा’ आलं.

मॅनेजर इनामदार तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “माल भरलेली गाडी फाटकात उभी आहे. फॉर्म्युला बदल. सगळीकडे ‘पाठवा’ दिसलं पाहिजे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

घरी कमावणारी सुमेधा एकटीच होती. तिने थोडा वेळ टाइप केलं आणि खुर्ची सोडली.

“बदलला, साहेब. आता या रिकाम्या रकान्यात जबाबदार माणसाचं नाव लिहिलं की सगळीकडे ‘पाठवा’ येईल.”

“मग तुझं लिही.”

“माझ्या नावाला ‘अडवा’च येतं. अट तशीच घातली आहे. तुमचं चालेल.”

इनामदार बसले. त्यांनी ‘इ’ टाइप केला. बराच वेळ ते त्या अक्षराकडे बघत राहिले. मग त्यांनी ते खोडलं आणि फाटकावर फोन लावला.

“माल उतरवून घ्या,” ते म्हणाले.