शतावरीच्या वाफ्याचा काठ

एका डोंगरउतारावर एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह राहत असत. उतारावर माती ठरत नसे, म्हणून शतावरीसाठी उंच गादीवाफे रचावे लागत. त्यांचे बांबूच्या कामट्यांचे काठ वाळवी दोन वर्षांत पोखरून टाकी. एके दिवशी वैद्यांनी शिष्याला, त्र्यंबकला, म्हटले, “या खेपेला टिकेल असा काठ बांध. साहित्य तूच निवड.”

त्र्यंबकने आज्ञा मनावर घेतली. सागाच्या फळ्या त्याने पारखल्या. ओल्या मातीत त्याही कधीतरी कुजणारच. कच्च्या विटा विरघळतील. शेवटी त्याने ओढ्यातून काळा दगड वाहून आणला, चुन्यात बसवला आणि सांधे असे लिंपले की सुई शिरू नये. वीस दिवसांत तळहातांची सालपटे निघाली. पण गुडघाभर उंचीचा तो काठ पाहून, आपल्यामागेही हा उभा राहील, या विचाराने त्याचे मन भरून आले.

वैद्य आले. काठावरून त्यांनी हात फिरवला. “काम देखणे आहे,” म्हणाले, आणि पहार मागवली. मग खाली बसून त्यांनी तळच्या थरातला एक लहानसा दगड उचकटून काढला. हातभर अंतरावर दुसरा. मग तिसरा.

त्र्यंबकला राहवेना. “आचार्य, माझे काय चुकले ते सांगा. पण असे मोडू नका!”

वैद्य थांबले. त्यांना धाप लागली होती.

“दगड तू योग्य निवडलास. तरुणपणी मीही हाच निवडला होता, असेच सांधे लिंपले होते. चार पावसाळे काठ हलला नाही. पाचव्या वर्षी झड लागली. मुरलेल्या पाण्याला वाट मिळेना. मुळे आतल्या आत कुजली आणि एका सकाळी फुगलेल्या मातीने काठच उलथून टाकला. त्याच महिन्यात खालच्या वाडीतला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. बायको बाळंत झाली होती, दूध येत नव्हते. माझ्याजवळ शतावरीचे एक मूळही उरले नव्हते. त्याला मी रिकाम्या हाती परत पाठवले, त्र्यंबक. काठाने मातीला धरावे, पाण्याला अडवू नये. जो काहीच सोडत नाही, त्याच्या हातून धरलेलेही सुटते.”

त्या बाळाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे त्र्यंबकला धैर्य झाले नाही. हलकेच त्याने वैद्यांच्या हातातून पहार घेतली.

“या फटींतून माती वाहून जाईल ना, आचार्य?”

“आतून खडी भर.”

त्याने चौथा दगड काढला, पाचवा काढला.

आतून खडी आणि मग माती भरून झाल्यावर त्याने वाफ्यावर एकामागून एक पाण्याच्या चार घागरी ओतल्या आणि काठाशी बसून राहिला. काही वेळाने तळच्या फटीतून पाण्याची बारीक धार बाहेर आली. त्याने ती ओंजळीत धरून पाहिली. पाणी नितळ होते. माती आतच राहिली होती.