कासारणीचं हसू

डोंगरांच्या मधोमध वसलेल्या एका लहानशा राज्याच्या राजाला एक नाद होता. जिथे जे सगळ्यात उत्तम असेल, ते त्याला आपल्या राजवाड्यात हवं असे. सगळ्यात चपळ घोडा त्याच्या पागेत होता. सगळ्यात गोड बोलणारी मैना त्याच्या खिडकीत टांगलेली होती. सगळ्यात मधुर आंब्याचं झाड तर त्यानं मुळासकट उपटून बागेत आणून लावलं होतं. त्याला पुन्हा आंबा धरला नाही, ही गोष्ट वेगळी.

एवढं सगळं असून राजा फारसा हसत नसे. एकदा त्याच्या मनात आलं, 'आपल्याकडे सगळं आहे, पण राज्यातलं सगळ्यात आनंदी माणूस नाही. तेही आणून ठेवावं. रोज त्याचं हसणं कानावर पडलं, की आपल्यालाही बरं वाटेल.'

शिपाई चारी दिशांना गेले. जिथे जातील तिथे लोक एकच नाव सांगत. "आनंदी माणूस हवंय? मग ठकू कासारणीला बघा."

ठकू डोक्यावर पेटी घेऊन घरोघर बायकांना बांगड्या भरायची. तिचा नवरा माल घेऊन जत्रा-जत्रा फिरे आणि सणासुदीपुरता घरी येई. घरी असायची ती एक म्हातारी सासू. तिला ठकू आत्याबाई म्हणे. दिवसभरात जे काही गमतीचं दिसेल ते संध्याकाळी भाकरी थापता थापता आत्याबाईंना सांगायचं, आणि दोघींनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचं. घराचं छप्पर गळकं होतं, पण त्या हसण्यानं सगळी आळी जागी होई.

शिपायांनी ठकूला राजापुढे उभं केलं. राजानं तिला बागेतला सुंदर महाल दाखवला आणि म्हणाला, "ठकू, वर्षभर इथे आनंदात राहा. वर्ष सरलं की हा महाल तुझा. शिवाय तुझ्या घरावर नवं कौलारू छप्पर घालून देईन. अट एकच. इथे कोणी तुझ्याशी बोलणार नाही आणि तूही कोणाशी बोलायचं नाहीस."

"ते का महाराज?"

"माणसं आली की तक्रारी येतात, रुसवेफुगवे येतात, दुखणी येतात. तुझा आनंद खराब व्हायला नको."

ठकूला आत्याबाईंचं अंथरूण आठवलं. पावसाळ्यात ते कोपऱ्या-कोपऱ्यात हलवावं लागे. शेजारणीनं आत्याबाईंकडे बघायचं कबूल केलं आणि ठकू महालात राहायला गेली.

पहिले काही दिवस मोठ्या मजेत गेले. गादी इतकी मऊ, की पहिल्यांदा बसल्यावर आपण खाली घसरतोय असं वाटून ती किंचाळलीच. रोज ताटात पक्वान्नं येत. झोपाळ्यावर बसून ती एकटीच गाणी म्हणे. तिचं हसणं आपल्या सज्जातून ऐकून राजा खूश होई.

एका दुपारी बागेच्या भिंतीपाशी पहारेकरी उभ्या उभ्या पेंगत होता. एक माकड हळूच आलं, त्यानं पहारेकऱ्याचं पागोटं उचललं, आपल्या डोक्यावर ठेवलं आणि भिंतीवर मोठ्या ऐटीत जाऊन बसलं. तेवढ्यात पहारेकरी दचकून जागा झाला. झोपेच्या डोळ्यांना नुसतं पागोटं दिसलं. दिवाणजी आलेत असं समजून त्यानं कमरेत वाकून माकडाला मुजरा केला!

ठकू पोट धरून हसू लागली. हसता हसता मागे वळून म्हणाली, "आत्याबाई, बघितलंत का?"

मागे रेशमी पडदा तेवढा हलत होता.

तिचं हसू तोंडातच विरलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मग पुढेही काही गमतीचं दिसलं की ती मागे वळे आणि गप्प होई. होता होता तिनं बघणंच सोडून दिलं.

सज्जात बसलेल्या राजाला बाग सुनी वाटू लागली. त्यानं ताज्या जिलब्या पाठवल्या, नवीन पैठण्या पाठवल्या, पडद्याआडून सतार वाजवायला लावली. महालातून हूं की चूं आलं नाही. शेवटी तो रागावून स्वतःच तिथे गेला.

"काय कमी आहे तुला? बोल, माझ्यापुरती परवानगी आहे."

"कमी काहीच नाही महाराज. पण इथे काही घडलं तर सांगायचं कोणाला?"

"असं काय घडलं इथे?"

"माकडानं पागोटं पळवलं."

"त्यात काय सांगण्यासारखं?"

ठकूचे डोळे लुकलुकले. "असं म्हणालात म्हणजे आता सांगायलाच हवं."

"थांब!" राजा म्हणाला. "तुला काय हवं ते सांगायला परवानगी दिली, गप्पा मारायला नाही. गोष्ट सांगितलीस तर अट मोडली. महाल जाईल, छप्परही जाईल."

ठकूनं महालाच्या नक्षीदार छताकडे बघितलं, मग राजाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "गळेल तिथे भांडं ठेवू." आणि पदराचंच पागोटं करून ती माकडासारखी ऐटीत बसली. मग उठून पहारेकरी झाली, पेंगली, दचकली आणि कमरेत वाकली.

राजानं ओठ घट्ट मिटून घेतले. मग त्याच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. मग मात्र त्याला आवरेना. तो मटकन जमिनीवर बसला आणि मांडीवर थापा मारत हसू लागला. डोळे पुसत तो कसाबसा उठला आणि म्हणाला, "हे राणीला सांगितलंच पाहिजे!" आणि एक मोजडी तिथेच टाकून तो पळाला.

राणीशी तो कित्येक वर्षांत कामापलीकडे चार शब्द बोलला नव्हता. गोष्ट सांगताना तो माकडापर्यंत पोचायच्या आधीच हसत सुटला. राणीला गोष्ट काही कळली नाही, पण राजाकडे बघूनच ती हसू लागली. त्या दिवशी दोघं एकाच पंगतीला जेवली. वरण थंड झालं होतं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पहारेकऱ्याला बोलावणं गेलं आणि तो हात जोडून समोर आला. राजानं त्याला शिक्षा केली नाही. "मुजरा कसा केलास तेवढं दाखव," म्हणाला. दुसऱ्या दिवशी बांधावरून भांडणारे दोन भाऊ दरबारात आले. राजानं त्यांनाही आधी माकडाची गोष्ट सांगितली. तंटा लगेच मिटला नाही, पण वेगवेगळ्या गाड्यांतून आलेले ते दोघे परत जाताना एकाच गाडीत बसून गेले.

मग राजानं ठकूला बोलावलं. "तू अट मोडलीस."

"हो महाराज."

"तेव्हा महाल गेला."

"गेला तर गेला. आत्ता निघाले तर भाकरीच्या वेळेला घरी पोचेन."

"जा. छप्पर मात्र मी घालून देणार. ते अटीचं नाही, माझ्या खुशीचं आहे."

त्या संध्याकाळी आळीतल्या लोकांनी पुन्हा दोघींचं हसणं ऐकलं, आणि काय झालं ते विचारायला जो तो त्यांच्या दारात जमा झाला.

पावसाळा आला. नवी कौलं चढलेली होती. एका सकाळी दारावर जोराची थाप पडली. ठकूनं दार उघडलं तर बाहेर राजा उभा! ना पालखी, ना शिपाई. पाय चिखलानं भरलेले, आणि हसू इतकं दाटलेलं, की तोंडातून शब्द फुटेना.

"कोण आहे गं?" आतून आत्याबाईंनी विचारलं.

"महाराज आहेत. त्यांना काहीतरी सांगायचंय."

"मग पाट दे बसायला," आत्याबाई म्हणाल्या. "उभ्यानं सांगितली की गोष्ट अर्धी सांडते."

तात्पर्य एवढंच, की आनंद एकट्यानं जपून ठेवता येत नाही. तो सांगायला जवळ माणूस लागतं, आणि सांगितला की तो कोणाकोणाच्या घरी पोचेल याचा नेम नाही.