गिरजाक्काची शुक्रवारची शेंगोळी

बालाघाटाच्या उतरणीला हिवरसांगवी नावाचे एक लहानसे गाव आहे. केवळनाथ महाराजांनी आपल्या उत्तर आयुष्यातली अकरा वर्षे या गावी काढली. ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळात त्यांचा मुक्काम असे. अंगावर एक घोंगडी, हातात एक कटोरा, एवढाच त्यांचा संसार. दिवेलागणीला ते गावात येत आणि कोणा एकाच्या घरी जेवत. नियम एवढाच होता, की महाराज येणार म्हणून कोणी वेगळे काही रांधायचे नाही. घरच्यांच्या पानात जे पडेल, तेच महाराजांच्या कटोऱ्यात पडायचे.

ते दिवस आठवले की जुन्या माणसांचा आवाज अजून हळवा होतो. आता घरोघर गॅसची शेगडी आली, जो तो सवडीने जेवतो. तेव्हा मात्र गुरे घरी परतायची आणि पाठोपाठ साऱ्या गावाच्या छपरांतून एकाच वेळी धूर निघायचा. भाकरी थापल्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचा. अंगणात खेळणारी पोरे वासावरून आपापले घर ओळखायची.

त्यातले एक घर सिद्राम कोष्ट्याचे. सिद्राम मागावर लुगडी विणी. घरात म्हातारे आईबाप, विधवा बहीण बनू, चार लेकरे आणि बायको गिरजाक्का अशी नऊ माणसे. कमावणारे हात दोनच. पण त्या घरात कोणी उपाशी निजल्याचे कोणाला आठवत नाही, आणि त्याचे कारण गिरजाक्का.

तिने सात वारांची सात जेवणे बांधून ठेवली होती. सोमवारी तुरीचे पातळ वरण, मंगळवारी पिठले, बुधवारी पालेभाजीचे गरगटे. गुरुवारी गावचा बाजार, म्हणून वांगी. तीही ती उतरत्या बाजारात घेई, माळणी पाट्या उचलायच्या बेतात असताना. शुक्रवारी हुलग्याची शेंगोळी, शनिवारी उडदाचे घुटे, रविवारी कण्या आणि ताकाची कढी. मुळ्याचा पाला वरणात जाई, दोडक्याच्या शिरांची चटणी होई, सकाळची उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला पडे. दळण मापून, मीठ मापून, सरपणसुद्धा मापून. आणि एवढे सगळे मापून करणारी ही बाई वाढताना मात्र कधी हात आखडत नसे. सासऱ्याला दात नाहीत म्हणून त्याची भाकरी आधी आमटीत भिजत घातलेली असे, धाकटीला तिखट सोसत नाही म्हणून तिची वाटी फोडणीआधी काढलेली असे.

गावात त्यावरून गंमत चाले. कोणी वार विसरला तर दुसरा म्हणे, "जा, कोष्ट्याच्या दारावरून वास घेऊन ये." गिरजाक्कालाही त्याचे हसू येई. त्या थट्टेत माया होती.

हैबतराव इनामदारांच्या थट्टेत मात्र ती नव्हती. हैबतरावांचा वाडा मोठा, मुदपाकखाना त्याहून मोठा. रोज दोन आचारी खपत. पानात पाच भाज्या आणि तीन कोशिंबिरी नसतील तर ते ताट सारून उठत. इतक्या वर्षांत महाराज त्यांच्या वाड्यात एकदाही जेवायला गेले नव्हते. प्रत्येक वेळी बोलावणे येई, आणि महाराज हसून म्हणत, "तुमच्या घरी रोजचं जेवण कोणतं, ते अजून मला कळलं नाही. कळलं की येईन." हे हैबतरावांच्या जिव्हारी लागले होते.

एका गुरुवारी देवळात भजन संपल्यावर महाराज म्हणाले, "उद्या आम्ही गिरजाक्काकडे जेवणार."

हैबतराव पुढेच बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "तिथं काय असेल ते सांगायला ज्योतिषी नको. हुलगे. आमच्याकडे हुलगे बैलांना भिजवून घालतात."

काही जण हसले. गिरजाक्का खांबाआड बसली होती. तिने पदर पुढे ओढला आणि खाली पाहिले. महाराज म्हणाले, "हैबतराव, ही माय सकाळी उठल्यापासून एकच विचार करते, की संध्याकाळी कोणाच्या पानात काय पडेल. तिचं चित्त दिवसभर दुसऱ्याच्या पोटापाशी असतं. आम्ही माळ ओढतो, तरी आमचं चित्त इतकं ठरत नाही."

भर देवळात झालेली ही तुलना हैबतरावांना सोसली नाही. ते उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच गावात दवंडी फिरली. केवळनाथ महाराज आज सिद्राम कोष्ट्याच्या घरी प्रसाद घेणार, तरी समस्त भाविकांनी दिवेलागणीला तिथेच पंगतीस यावे! शेजारच्या दोन वस्त्यांवरही सांगावा गेला. इनामदारांचा माणूस घरोघर सांगत होता, की कोष्ट्यानेच आमंत्रण दिले आहे.

सिद्रामने दवंडी ऐकली आणि मागावर चालणारा त्याच्या हातातला धोटा थांबला. तो आत आला. "अगं, घरात काय आहे?"

"दोन मापटी हुलग्याचं पीठ आणि ज्वारीचं आजच्यापुरतं," गिरजाक्का म्हणाली. "नऊ माणसं आणि महाराज. दहा जणांचं आहे."

"आणि गाव?"

तिने पिठाच्या डब्याचे झाकण लावले. शेजारणी येऊन गेल्या. त्यांना वाईट वाटत होते, पण साल दुबळे होते आणि कोणाच्याच कणगीत फार काही नव्हते. सासू म्हणाली, "गिरजे, दार लावून घे. आजारी आहे म्हणून सांगू." गिरजाक्काने मान हलवली. आजवर तिच्या दारातून कोणी भुकेला परत गेला नव्हता. आज सारे गाव परत जाणार, आणि तेही महाराजांच्या देखत, हा विचार तिला सोसवेना. ती तशीच देवळाकडे निघाली.

महाराज ओढ्यावर घोंगडी धूत होते. तिने सारे सांगितले. "महाराज, माझं सगळं मापात असतं. मापाबाहेर मला काही येत नाही. आज काय करू?"

महाराजांनी घोंगडी पिळून दगडावर टाकली आणि विचारले, "माय, आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग शेंगोळी कर. रोजच्या मापाचीच कर. पाणी वाढवू नकोस, पीठ उसनं आणू नकोस. फक्त एक सांभाळ. समोर कोण बसलं आहे ते बघून वाढतेस ना रोज? तशीच वाढ. पातेल्यात किती उरलं ते बघू नकोस. ते बघायचं काम आज माझं."

गिरजाक्का घरी आली. तिच्या मनात शंका नव्हती असे नाही. पण ज्या हातांना रोजचे काम माहीत असते, ते हात मनासाठी थांबत नाहीत. तिने हुलग्याचे पीठ परातीत घेतले, लसूण, मिरची, जिरे वाटून त्यात घातले, घट्ट मळले. बनू आणि दोघी लेकी भोवती बसल्या आणि पोळपाटावर बोटांनी वळून वळून शेंगोळी करू लागल्या. आधणात ती पडली, आणि हुलग्या-लसणाचा तो खमंग, मातीसारखा वास अंगणात गेला. सासू भाकरीच्या दुरडीवर धुतलेले फडके झाकून बसली.

दिवेलागणीला माणसे येऊ लागली. अंगण भरले, मागाची खोली भरली, मग रस्त्यावर पंगत बसली. साठ-सत्तर माणसे तरी असतील. बहुतेक जण भाबडेपणाने आले होते, त्यांना डाव ठाऊक नव्हता. हैबतराव आपल्या माणसांसह आले आणि मुद्दाम पहिल्या पंगतीत, चुलीसमोर दिसेल असे बसले.

महाराज आत जाऊन चुलीपाशी टेकले. गिरजाक्काने पहिले शेंगोळे त्यांच्या कटोऱ्यात वाढले. त्यांनी ते डोळे मिटून खाल्ले, पातेल्यावरचे झाकण अर्धे ओढून घेतले आणि म्हणाले, "छान शिजलंय. वाढ आता."

ती वाढू लागली. पातेल्यात न बघता तिने पळी घातली, आणि पळी भरून आली. पहिल्या पानावर एक म्हातारा धनगर होता. तिने त्याचे तोंड पाहिले, भाकरी मोडून रश्शात भिजवून दिली. पुढे एक लेकुरवाळी होती, तिला दोन पळ्या जास्त वाढल्या. एक लहानगी आईला चिकटून बसली होती, तिच्यासाठी तिने फुंकर घालून निववले. दुरडीतल्या फडक्याखाली सासू हात घाली आणि हाताला भाकरी लागे. एक पंगत उठली, दुसरी बसली, तिसरी बसली. चुलीतले सरपण तेवढेच होते आणि पातेले अजून रटरटत होते. कसली हातचलाखी नाही, कसला आडपडदा नाही. सारे डोळ्यांदेखत घडत होते! हळूहळू माणसांच्या लक्षात आले आणि बोलणे थांबले. साऱ्या अंगणात फक्त जेवणाचा आवाज उरला.

हैबतराव मात्र जेवत नव्हते. पहिल्या पंगतीतल्या आपल्या पानावर ते हात न लावता तसेच बसून राहिले होते. पातेले केव्हा रिते होते याचीच ते वाट बघत होते. गिरजाक्का त्यांच्यापाशी येऊन थांबली. ज्याने आपला पाणउतारा केला तो हा माणूस. पण तिने रोजच्यासारखे तोंड पाहिले आणि म्हणाली, "रावसाहेब, निवत चाललंय. हुलगे गारठले की जड होतात. दोन घास घ्या."

का कोण जाणे, त्यांचा हात उचलला गेला. त्यांनी एक शेंगोळे तोंडात घातले.

दुसरा घास त्यांना घेता येईना. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांच्या माणसांना वाटले, मिरची लागली. एकाने पाण्याचा तांब्या पुढे केला. हैबतरावांनी तो बाजूला सारला आणि पानावरून उठून ते चुलीपाशी महाराजांसमोर येऊन बसले.

"महाराज," ते म्हणाले, "ही चव माझ्या आईच्या हातची आहे."

गावाला ठाऊक होते की हैबतराव इनामदारांच्या घरी दत्तक आलेले. पण कुठून आले हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. आज त्यांनी सांगितले. खैरवाडीच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ते जन्मले. आईने नाव ठेवले दगडू. ती शेंगोळी करायची, सगळ्यांना वाढायची आणि 'मी मघाशीच जेवले' म्हणायची. सातव्या वर्षी ते वाड्यात आले. लग्नात आई आली होती, पितळी डब्यात शेंगोळी घेऊन. नव्या सोयऱ्यांपुढे लाज वाटली म्हणून त्यांनी तिला ओळख दिली नाही. नोकरांच्या पंगतीत तिचे पान मांडले गेले. ती जेवली, आणि डबा तसाच घेऊन परत गेली.

"त्याला बावीस वर्षं झाली," हैबतराव म्हणाले. "हुलग्यांचा वास आला की मला तो डबा दिसतो. म्हणून मी हसतो, महाराज. दुसऱ्याला हसलं की आपलं झाकलं जातं."

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आई आहे का?"

"आहे असं ऐकतो."

"मग माझ्यापुढं कशाला रडता? आधी या मायची क्षमा मागा, आणि उद्या खैरवाडीची वाट धरा."

हैबतराव उठले आणि साऱ्या गावादेखत गिरजाक्काच्या पायांवर वाकले. ती दचकून मागे सरली. "रावसाहेब, असं करू नका," ती म्हणाली. "तुमचं जेवण अर्धं राहिलंय. बसा, मी गरम वाढते." तिने पुन्हा पळी भरली, आणि हैबतराव पान पुसून जेवले. सर्वांत शेवटी गिरजाक्का आणि बनू बसल्या. दोघींचे जेवण झाले तेव्हा पातेले रिकामे होते, रोजच्यासारखे.

दुसऱ्या दिवशी हैबतराव गाडी न जोडता, पायी खैरवाडीला गेले. पोचले तेव्हा सूर्य मावळत होता. घर तेच होते. दारातूनच चूल दिसत होती, आणि चुलीपुढे एक वाकलेली म्हातारी तव्यावर भाकरी टाकत होती. तिला नीट दिसत नव्हते.

"कोण आलंय?" तिने विचारले.

हैबतराव उंबऱ्याबाहेरच थांबले. "पाव्हणा," ते कसेबसे म्हणाले.

"बस मग. तिथं भिंतीशी पाट आहे बघ. एकच भाकरी आहे, पण मोठी आहे. अर्धी अर्धी होईल."

ते पाटावर बसले. तिने चाचपडत तव्यावरची भाकरी उतरवून मोडली, मोठा तुकडा त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "मला लहान पुरे. मी मघाशी थोडं खाल्लंय."

तेव्हा त्यांना राहवले नाही. "आई," ते म्हणाले, "मी दगडू आहे."

म्हातारीने हातातला लहान तुकडा खाली ठेवला. चाचपडत तिने चुलीतले लाकूड मागे ओढले, आणि मग म्हणाली, "मग पाटावर का बसलास? पाटावर पाव्हणे बसतात. इकडं चुलीपाशी सरक."

हिवरसांगवीचे इनामदार चुलीपाशी सरकले आणि त्यांनी त्या राखेने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.

केवळनाथ महाराजांची कृपा अशी आहे, भाविकहो. ज्या घरात आज साधेच शिजले असेल, त्या घरावर ती अखंड राहो.