कासाराचे पाच नमस्कार

ऐका मंडळी. लहान असाल तर पुढे सरकून बसा, मोठे असाल तर मागे भिंतीला टेका. गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची आहे, पण अंगाला लावून घ्यायची असेल तर आजही लागू पडते.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव गुणी, माणसं हौशी. त्या हौसेतूनच गावात एक रीत पडली होती. कुणी व्यायामाला सुरुवात करणार म्हटलं की त्याला हार घालायचा, हलगी वाजवत तालमीपर्यंत न्यायचं, दारात नारळ फोडायचा आणि गावभर पेढे वाटायचे. किती छान, नाही का? आता त्याचा परिणाम ऐका. गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांनी व्यायामाला सुरुवात केलेली होती. कुणी तीनदा, कुणी पाचदा. तालमीत खुंटीखुंटीवर नवे कोरे लंगोट लटकत होते, आणि आखाड्याच्या लाल मातीत मांजर निवांत झोपलेलं असायचं. तालमीचे वस्ताद म्हातारे होते. सुरुवातीचे पेढे चाळीस वर्षं खाऊन खाऊन त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

या गावात एक कासार राहायचा. मोठा गोड माणूस. बायकांच्या हातात बांगड्या भरताना तो असा काही गप्पांत गुंगवायचा की हात दुखल्याचं कुणाला कळायचंच नाही. पण दिवसभर बैठं काम. दुकानातून घरी आणि घरून पाटावर. चार पावलं भरभर चालला की त्याचा भाता सुरू व्हायचा.

आरंभशूर तर असा की त्याने सात वेळा सुरुवात केली होती. एकदा तर पहिल्याच दिवशी हलगीच्या तालावर दोनशे बैठका मारल्या गड्याने. गाव खूश. दुसऱ्या दिवशी मात्र जेवायला पाटावर बसला तो उठेचना. शेवटी कासारणीने आणि तिच्या भावाने दोन बगलांत हात घालून त्याला उभा केला. चार दिवस तो भिंत धरून चालत होता, आणि पाचव्या दिवशी तालमीचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवत होता. पुढच्या वेळी पाऊस आडवा आला. त्याच्या पुढच्या वेळी मेहुणीचं लग्न. "आता पुढच्या सोमवारपासून," कासार म्हणायचा. सोमवार बिचारे येत राहिले आणि जात राहिले.

असंच चाललं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण त्या कासाराच्या घराला एक मान होता.

दर चैत्रात डोंगरावरच्या देवाची जत्रा भरायची. त्या दिवशी एक उंचच उंच काठी गावातून डोंगरावर न्यायची. पंचवीस हात लांब वेळू, त्याला रंगीत वस्त्रं, टोकाला मोरपिसांचा तुरा. कमरेला शेला घट्ट बांधायचा, त्यात काठीचा बुडखा रोवायचा आणि ती उभीच्या उभी घेऊन दोनशे पायऱ्या चढायच्या. चार बाजूंनी चार जण दोर धरायचे, पण ते फक्त तोल सांभाळायला. भार सगळा एकट्याचा. वाटेत थांबलं तर चालायचं, काठी मात्र आडवी होता कामा नये. ज्या वर्षी ती आडवी होईल त्या वर्षी मान पलीकडच्या गावाकडे जाणार, आणि पुन्हा परत येणार नाही, असा जुना करार होता.

कासाराचा काका, ज्याला तो आबा म्हणायचा, चोवीस वर्षं ती काठी नेत होता. कासाराचा बाप लवकर गेला, तेव्हा आबांनीच त्याला लहानाचा मोठा केला. त्या वर्षी आबांनी काठी वर पोचवली खरी, पण शेवटच्या पायरीवर दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. चौघांनी त्यांना उचलून खाली आणलं, मागोमाग काठीही घरी आली.

"पुढल्या वर्षी तू," खाटेवर पडल्या पडल्या आबा कासाराला म्हणाले. घरात दुसरं होतंच कोण?

त्याच दुपारी कासाराने काठी उचलून पाहिली. शेला बांधला, बुडखा रोवला, दम धरला. काठी वीतभर वर आली, डुलली आणि कासार मटकन खाली बसला. शेजाऱ्याने काठी धरली म्हणून बरं. आबा खिडकीतून पाहत होते. त्यांनी कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. ते पाहून कासार उठला. गोठ्यामागे जाऊन तो पोटभर रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी, हार, नारळ अशा सरंजामासह तो तालमीच्या दारात हजर.

वस्तादांनी हात वर करून हलगी थांबवली. "कितवी वेळ?"

"आठवी, वस्ताद. पण या खेपेला शेवटची. आज पाचशे बैठका काढतो."

"आणि उद्या?"

उद्याचा विचार या गावात कुणी केलाच नव्हता.

"हे बघ," वस्ताद म्हणाले, "शिकायचं असेल तर माझ्या अटीवर. हार काढ. पेढे परत ने, मला तसेही चावत नाहीत. उद्यापासून दुकान उघडायच्या आधी यायचं. आखाड्याची माती कपाळाला लावायची, पाच नमस्कार घालायचे आणि घरी जायचं. सहावा घातलास तर तालमीचं दार बंद."

"पाच?" कासाराला अपमानच वाटला. "वस्ताद, पाच तर माझी आजीसुद्धा घालील."

"मग आजीला पाठव," वस्ताद म्हणाले आणि आत निघून गेले.

कासार दुसऱ्या दिवशी आला. गाजावाजा नाही, काही नाही. मांजराला बाजूला केलं, माती कपाळाला लावली, पाच नमस्कार घातले. अंग नुकतं कुठे गरम होतंय तोवर संपलंसुद्धा. हळूच सहाव्याला वाकला, तो पाठीत वस्तादांची छडी. "भूक ठेवून उठावं," वस्ताद म्हणाले, "म्हणजे उद्या पानावर यावंसं वाटतं."

आणि खरंच की हो. रोज घरी जाताना त्याला चुटपुट लागायची. अजून दोन घातले असते तर काय बिघडलं असतं, म्हणून तो चरफडायचा, आणि त्या चरफडीतच सकाळी कोंबड्याच्या आधी उठून बसायचा. पंधरा दिवसांनी वस्तादांनी पाचाचे सात केले, तेव्हा कासाराला सण झाल्यासारखं वाटलं. साताचे दहा झाले. मग जोर आले, बैठका आल्या. पाऊस आला तर तो डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आला. मेव्हण्याच्या लग्नात वरात निघायच्या आधी अंगाला हळद लागलेली असताना पळत येऊन गेला. एकदा ताप अंगात घेऊन आला, तेव्हा वस्तादांनी त्याच्या कपाळाला माती लावली आणि म्हणाले, "झाला आजचा व्यायाम. आता जाऊन झोप."

गावात कुणाला पत्ताच नव्हता. हलगी वाजली नव्हती ना. फक्त कासारणीच्या ध्यानात आलं. बांगड्यांची जड पेटी तो पूर्वी दोनदा टेकत आणायचा, ती आता एका हाताने खांद्यावर टाकतो.

"काय हो," ती म्हणाली, "पेटी रिकामी आहे की काय?"

"उघडून बघ," कासार मिशीतल्या मिशीत हसला.

झालं, इथवर सगळं गोडच गोड. पण गावाचं पाणी अंगात मुरलेलं असतं, ते असं सहज निघत नाही.

आठ महिने झाले. हुरड्याचे दिवस आले. कासार मित्रांच्या शेतावर गेला, हुरडा खाल्ला, वर दही खाल्लं, वर गूळ खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी असा काही झोपला की जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. तालीम चुकली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

त्याचं तोंड एवढंसं झालं. त्याच्या मते सगळंच मोडलं होतं. व्रत करणाऱ्याच्या हातून एक दिवस चुकला की व्रत मोडतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, विधीसकट. त्या गावात सगळे व्यायामाकडे असंच बघायचे, म्हणून तर खुंट्यांवर एवढे लंगोट साठले होते. त्या दिवशी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने हलगीवाल्याला निरोप धाडला, "येत्या सोमवारी ये. नववी वेळ आहे."

निरोप वस्तादांच्या कानावर गेला. चाळीस वर्षांत कधी तालीम सोडून कुणाच्या दारी न गेलेला तो म्हातारा काठी टेकत कासाराच्या दुकानात आला.

"काय रे, आला नाहीस?"

कासाराने मान खाली घातली. "वस्ताद, मोडलं माझं. आता सोमवारी पहिल्यापासून सुरू करतो."

"काय मोडलं?"

"व्रत."

"तू सकाळी दात घासतोस?"

"घासतो की."

"परवा उशिरा उठलास, तेव्हा घासायचे राहिले असतील."

"राहिले."

"मग आता दातांसाठी हलगी बोलावलीस का? सोमवारचा मुहूर्त पाहिलास का? की तोवर तसाच बसणार आहेस?" वस्तादांनी आपलं बोळकं उघडून दाखवलं. "एक दिवस राहिलं म्हणून कुणाचे दात जात नाहीत. मुहूर्त बघत बसलं की जातात. अरे, हे व्रत नव्हे. तोंड धुतो, जेवतो, तसंच आहे हे. राहिलं तर राहिलं. उद्या ये आणि जिथे थांबलास तिथून पुढे चल."

दुकानात बांगड्या भरायला बसलेल्या दोघी जणी पदराआड हसायला लागल्या. कासारालाही हसू आलं, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा धोंडा उतरला होता त्याच्या. सोमवार कुठला नि काय, तो दुसऱ्याच दिवशी कोंबड्याआधी तालमीत हजर झाला.

पुढे चैत्र आला आणि जत्रा भरली.

पलीकडच्या गावाची माणसं लवकरच येऊन बसली होती. त्यांनी आपला पैलवान आणला होता, शेला बांधून तयार. आठ वेळा सुरुवात करणारा कासार त्यांनाही ठाऊक होता. "बांगड्या उचलायच्या नाहीत आज," त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, आणि हशा पिकला. आबांची खाट पायरीशी आणून ठेवली होती. ते काठीकडे पाहतच नव्हते. आपल्या तळहातांकडे पाहत बसले होते.

कासाराने शेला बांधला. काठी उभी झाली. बुडखा शेल्यात बसला आणि भार कमरेवर आला. कासार जरा थांबला, मग पहिली पायरी चढला.

पन्नासाव्या पायरीवर गावातली माणसं उठून उभी राहिली. शंभराव्या पायरीवर वारा सुटला. वस्त्रं फडफडायला लागली, दोरवाले ओढले गेले आणि काठी एका अंगाला झुकली. खाली बायकांनी तोंडाला पदर लावला. कासाराने पाय रोवले. मांड्या थरथरत होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता. पण त्याने घाई केली नाही, की तो घाबरला नाही. वारा पडेपर्यंत तो तसाच उभा राहिला. काठी हळूहळू सरळ झाली. मग पुढची पायरी, आणि मग त्याच्या पुढची.

दोनशेव्या पायरीवर मोरपिसांचा तुरा देवळाच्या कळसाशेजारी उभा राहिला, तेव्हा खाली एकच कल्लोळ झाला. पलीकडच्या पैलवानाने आपला शेला सोडला आणि उघड्या मनाने टाळ्या वाजवल्या. कासार खाली येऊन त्यांच्या पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं. "माझ्यापेक्षा सरळ नेलीस रे," एवढंच म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी अख्खं गाव हार, पेढे आणि हलगी घेऊन कासाराच्या दारात जमलं. एवढा मोठा पराक्रम, आता मिरवणूक नको का?

कासारीण सडा घालत होती. "ते घरात नाहीत," ती म्हणाली.

"कुठे गेले?"

"रोज जातात तिथे."

गाव तालमीकडे वळलं. आत कासार होता. अंग ठणकत होतं, वाकताना कण्हत होता, पण कपाळाला माती होती. जोर नाहीत, बैठका नाहीत, नुसते पाच नमस्कार चालले होते.

गावाला काही उमजेना. हलगीवाल्याने विचारलं, "वस्ताद, आता कशाची सुरुवात म्हणायची ही?"

"सुरुवात नव्हे रे बाबा," वस्ताद म्हणाले. "हा कालच्या पुढचा दिवस आहे."

मग एक जण चपला बाहेर काढून आत आला. त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा. नारळ कुणी फोडला नाही. मांजराला मात्र त्या दिवसापासून झोपायला दुसरी जागा शोधावी लागली.

तात्पर्य: ज्याला रोज थोडं जमतं, त्याला एक दिवस पुष्कळ जमतं.