खिंडीतला 'येतो'

फार वर्षं झाली. आपल्या खडकोशीत एस्टी सोडाच, धड गाडीवाटही नव्हती, तेव्हा इथं बयाजी शेलार नावाचा गडी होता. उंच इतका की दारातून वाकून शिरायचा, आणि बायकोपुढं त्याहून जास्त वाकायचा. हसू नका. तसं वाकायला छाती लागते.

साहेबाच्या पलटणीची भरती निघाली. लढाई समुद्रापार. बयाजीनं नाव दिलं. निघायच्या सकाळी भरतीचा हवालदार वेशीतून ओरडत होता, "चला, चला!" त्या गडबडीत बयाजीच्या तोंडून निघून गेलं, "गोजरे, जातो गं."

जातो! परक्याच्या घरून उठतानाही माणूस 'येतो' म्हणतो, आणि हा बायकोला सांगतो 'जातो'! गोजरेनं पाठ फिरवली. कडेवरच्या तान्ह्या पोरीला घेऊन आत गेली.

गावाबाहेरच्या खिंडीत पोचल्यावर बयाजीला आपण काय बोललो ते उमगलं. बोचकं तिथल्या धोंड्यावर टाकून तो माघारी पळाला.

हवालदार बोंबलला, "कुठं रे? फटके खाशील!"

"खातो. आधी बायकोला एक शब्द बदलून देतो."

दारात येऊन धापा टाकत म्हणाला, "येतो गं."

"आता कसं!" गोजरा म्हणाली. "ये. आणि आला नाहीस तर बघ."

फटके खाल्ले त्यानं.

पुढं लढाईत तोफेचा गोळा पडला आणि खंदक बयाजीच्या अंगावर मिटला. सोबतचे म्हणाले, संपला. तिथं यम आला, असं म्हणतात. यम म्हणाला, "चल." बयाजी मातीखालून म्हणाला, "जमायचं नाही. घरी येतो म्हणून सांगितलंय."

"कुणाला?"

"गोजरेला."

यमाला तिचा स्वभाव ठाऊक असावा. त्यानंच माती उकरली आणि निमूट चालता झाला, असं म्हणतात. बयाजी बाहेर आला, पण उजवा हात कोपरापासून तिथंच राहिला.

घरी येऊन उरलेल्या हातानं त्यानं काय केलं नाही? माळ फोडून मळा केला. एका हातानं नांगर धरायचा आणि खांद्यावर लेकरू असायचं. त्या खांद्यावर कुठलं लेकरू रडलेलं कुणी ऐकलं नाही, असं म्हणतात. गोजरेचे गुडघे गेले, तेव्हा रोज तिला पाठीवर घेऊन मळ्यात न्यायचा. लोक चिडवायचे, "नाना, पलटणीतलं ओझं अजून उतरलं नाही वाटतं!" पाठीवरनं गोजरा फटकारायची, "तुझ्या बायकोला कोण उचलतंय ते बघ आधी."

बयाजीनाना इतका जगला की पणतवंडांना मिशा फुटल्या. मग गोजरा गेली. शेवटचं बोलली ते एवढंच, "येते हं." बाया रडायला लागल्या, तसा नाना डाफरला, "गप बसा. येते म्हणालीय ती."

त्या दिवसापासून नाना खिंडीतल्या धोंड्यावर जाऊन बसू लागला. लेक समजवायला आली, तीही म्हातारी झालेली. म्हणाली, "नाना, घरी चला. गेलेलं माणूस कुठनं येणार?"

नाना म्हणाला, "मी नव्हतो आलो?"

आणि एका सकाळी गुराख्यांनी पाहिलं. नाना उठून ताठ उभा राहिला, पलटणीत राहायचा तसा. कडक सलाम ठोकला. उजव्या हातानं ठोकला, असं म्हणतात. मग पाठ वाकवून खाली बसला आणि म्हणाला, "चढ."

गुराखी धावत पोचले, तर धोंड्यावर नुसतं पागोटं.

आजही आपल्या गावात 'जातो' हा शब्द कुणी काढत नाही. पलटणीत निघालेली पोरं आपली ट्रंक त्या धोंड्यावर टेकवतात, गावाकडं तोंड करून "येतो!" अशी हाळी देतात, आणि वेशीतून सगळं गाव ओरडतं, "ये!" सासरी निघालेली पोरगीही तिथं थांबल्याशिवाय खिंड ओलांडत नाही. आणि चुकून कुणी 'जातो' बोललाच, तर त्याला दारापर्यंत माघारी यावं लागतं, मग तो साहेब असो की सुभेदार. एस्टीचा ड्रायव्हरसुद्धा अशा वेळी हॉर्न मारत नाही. खिंडीत इंजीन बंद करून बसतो. त्याला ठाऊक असतं, कुणीतरी शब्द बदलायला घरी गेलंय.