साहेबाच्या बंगल्यातली जांभळी

फार मागे, साहेबाच्या सरकारी बंगल्याच्या बागेत एक जांभळी होती. तिची जांभळं पडायची आणि माळी ती झाडून जाळायचा. तिचं एकही रोप कधी उगवलं नाही, हेच तिला सलायचं.

नव्या साहेबाने बाग गावाला खुली केली, तसं फाटक करवादलं, "अगं, पोरं दगड मारतील!"

"मारू देत मेली! जपून काय माझं लोणचं घालायचंय?"

पोरांनी दगड मारले, एक फांदीही मोडली आणि जांभळं खात, बिया थुंकत ओढ्याकाठच्या वाटेने घरी गेली.

पाऊस सरता सरता ओढ्याकाठी कोवळी रोपं डोलू लागली.

"ही कुणाची गं?" फाटकाने विचारलं.

"माझी! आता हो खुशाल बंद."

पण फाटकाला एव्हाना पोरांच्या लोंबकळण्याची चटक लागली होती.