पागोटी आणि डोकी

नदीच्या अलीकडं कळंबी नावाचं एक गाव होतं. तिथल्या सभेची रीत मोठी मजेशीर. घरटी एक पागोटं सभेसाठी वेगळं राखलेलं, खुंटीवर टांगलेलं. सभा भरली की पुरुषांनी ते पारावर आणून ठेवायचं. होकार असेल तर उजवीकडं, नकार असेल तर डावीकडं. मग हरबा कारभारी पागोटी मोजायचा. कोणी आजारी असला तर त्याचं पागोटं घरातलं दुसरं कोणी आणून ठेवी, तेही धरलं जाई. बायका पागोटं बांधत नसत, म्हणून त्यांना कोणी विचारतही नसे.

एका वर्षी साथ आली आणि गाव निम्मं झालं. पाटील स्वतः तापानं पडले. गाव आता संपतं की काय, या भीतीनं त्यांनी अंथरुणातूनच सभेला नियम सांगून पाठवला: पोटातलं पोर गावाचं आहे, तेव्हा गर्भार बाईनं बाळंत होईपर्यंत वेस ओलांडायची नाही. नियम जेमतेम एका पागोट्यानं मंजूर झाला. ज्यांच्या पोटी पोरं वाढायची, त्यांना ही बातमी चुलीपुढं बसल्या बसल्या कळली.

पुढं हौसाला पाचवा महिना लागला आणि एका सकाळी तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. अंगात ताप भरला. सुईणीनं तिच्या सासूला, बयजाला, बाजूला घेतलं.

"पोर गेलंय, बयजा. आता सुनेला वाचवायचं तर नदीपलीकडच्या वैद्याकडं ने. आजच ने."

गावातले बहुतेक पुरुष बैलबाजाराला गेले होते, हौसाचा नवराही. बयजानं स्वतःच गाडी जुंपली. वेशीवर राखणदार आडवा आला. "काकू, माझ्या हातात काही नाही. पाटलांना विचारा."

पाटील काही दुष्ट नव्हते हो. पण स्वतःचा नियम स्वतःच मोडला तर उद्या आपलं कोण ऐकणार, याचीच त्यांना धास्ती. ते म्हणाले, "बयजाकाकू, पोर गेलं असलं तरी ती अजून मोकळी झालेली नाही, आणि सभेशिवाय नियम उठत नाही. माणसं परवा येतील."

"परवापर्यंत ती राहील का, पाटील?"

पाटील आत निघून गेले.

गाडीत हौसा कण्हत होती. मघाशी मोठ्यानं कण्हत होती, आता आवाज बारीक होत चालला होता. बयजा दारोदार फिरली. "सभेचं पागोटं दे," एवढंच म्हणायची. बायका भ्यायल्या. "धनी आले की जीव घेतील माझा," एकजण म्हणाली. मग तिनं गाडीकडं पाहिलं, खुंटीवरचं पागोटं काढलं आणि बयजामागं चालू लागली. तिच्यामागं बाकीच्या निघाल्या. पाहता पाहता पाराच्या उजवीकडं पागोट्यांची रास झाली. मागणी एकच होती, तो नियम उठवा.

पाटील धावत आले. "अहो, हे कसं चालेल? पागोटी आहेत, पण माणसं कुठं आहेत?"

हरबा कारभारी शांतपणे म्हणाला, "पाटील, नियम झाला तेव्हा तुम्ही अंथरुणात होतात. तुमचं पागोटं पुतण्यानं आणलं होतं. त्या एका पागोट्यानंच नियम झाला. ही धरायची नसतील, तर तेही धरायला नको होतं."

पाटलांनी राखणदाराला हाक मारली. नियम उठला, वेस उघडली. वैद्यानं हौसाला वाचवलं, पण थोडक्यात. आणखी उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती.

पुरुष बाजाराहून परतले तो खुंट्या रिकाम्या. पागोटी बायकांनी आपापल्या पेटीत घालून ठेवली होती, आणि परत द्यायला कोणी तयार नव्हती. पुरुष संतापले. "पागोट्याला कसली अक्कल? यापुढं डोकी मोजायची!" बायकांनी लगेच मान डोलावली.

पुढची सभा भरली. हरबा डोकी मोजायला उभा राहिला. अगदी पुढं हौसा बसली होती, अजून अशक्त, डोक्यावर पदर घेऊन. हरबानं पाटलांकडं पाहिलं.

हरबा म्हणाला, "एक."

तात्पर्य: ज्याच्या देहावर कायदा चालवायचा, त्याचं डोकं तो कायदा करताना मोजलं गेलं पाहिजे, नाहीतर ती सभा नव्हे, नुसती पागोट्यांची रास.